व्हायरल लोडचे पेढे

माझ्या भावाला एचआयव्ही झाला, तेव्हा आईने तो आजार दहावीच्या वर्षासारखा अंगावर घेतला. कसा झाला, हे तिने कधी विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बदलापूरला, भाऊ अंबरनाथच्या एका कंपनीत आणि रक्त द्यायला मात्र उल्हासनगर. तिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही, असं आईचं म्हणणं. तिथला सिंधी लॅबवाला रक्त पुढे मुंबईला पाठवायचा. तपासणीचं नाव सीडीफोर. अंगातल्या लढणाऱ्या पेशी किती उरल्यात ते तीत कळायचं. आकडा जेवढा जास्त तेवढं बरं.

आईला काय, मार्कच सापडले! तपासणी जवळ आली की बीट, शेवगा, कलेजी, नुसता मारा. भाऊ म्हणायचा, "आई, रक्त द्यायचंय, बळी नाही." एकदा आकडा जरासा वाढला, तर हिने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. "डिपार्टमेंटची परीक्षा पास झाला," म्हणाली. त्या कंपनीत कसली डोंबलाची परीक्षा! पण तोंडात पेढा असल्यावर विचारतंय कोण?

मग डॉक्टरांनी दुसरी तपासणी सांगितली, व्हायरल लोड. हिच्यात रक्तातले विषाणू मोजतात, म्हणजे आकडा कमी हवा. रिपोर्ट आणायला आई एकटीच गेली. मी कामावरून येते, तर जिन्यातच शेजारच्या काकू, गालात पेढा. "अगं, भावाला प्रमोशन मिळालं म्हणे!"

घरात शिरून आधी रिपोर्ट उघडला. आकडा लाखांत. माझं डोकंच सणकलं. भाऊ खाटेवर बसून आल्यागेल्याशी हात मिळवत होता, "हो हो, साहेब झालो," म्हणत. हसू दाबून त्याचे कान लाल झाले होते.

मंडळी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. "आई, अगं यात आकडा वाढला म्हणजे वाईट! निदान त्या लॅबवाल्याला विचारायचंस तरी!"

ती पेढ्यांचा रिकामा बॉक्स दाबून चपटा करत होती. "विचारलं. दोनदा समजावलं त्याने."

"मग हे काय मांडलंयस?"

"त्याचं लग्न काही आता व्हायचं नाही," ती म्हणाली. "मग त्याच्या नावाचे पेढे मी वाटायचे तरी कधी?"