नळावरचं पिंप

आमचे महापौर बार्नबस क्रल यांनी जन्मात एक आग विझवली नाही, तरी ते मोठे झाले ते आगीवरच. तरुणपणी ते तीन नंबरच्या बंबाचे नाईक होते. आमच्या ओहायो नदीकाठच्या गावात बंब ओढणारी पोरं निवडणुकीत मतंही ओढून आणत, आणि मतपेटीपाशी कुणी वाकडं बोललं तर त्याचे दात पाडत. असे हे लोकांचे लाडके. मी त्यांची दाढी करायचो. गळ्याशी वस्तरा असतानाही हा माणूस स्वतःचीच आरती ओवाळायचा.

एका जुलैत त्यांचा वाढदिवस आला. तीन नंबरचा बंब फुलांनी मढवून टेकडीवर मिरवायला नेला होता. इकडे साहेबांच्या घरी मेजवानीची चूल भडकली आणि भरदुपारी छपरानं पेट घेतला.

सात नंबरच्या बंबाची टोळी, म्हणजे साहेबांचे हाडवैरी, बंब घेऊन आधी पोचली. बघतात तर ज्यातून बंबाला पाणी घ्यायचं त्या रस्त्यावरच्या नळावर पालथं पिंप, आणि पिंपावर तीन नंबरचा हिरॅम डॉकेट ठाण मांडून बसलेला. आग विझवल्याचा मान आपलाच, तेव्हा आपला बंब येईपर्यंत वैऱ्याला पाणी मिळू द्यायचं नाही, ही क्रलसाहेबांचीच शिकवण. तिच्यापायी गरिबांची किती घरं खाक झाली, त्याचं साहेबांना कधी काही वाटलं नाही.

"ऊठ गाढवा! घर माझं आहे!" साहेब धावत येऊन किंचाळले.

"काळजी सोडा, साहेब. सात नंबरला थेंब मिळायचा नाही."

"अरे, घेऊ दे त्यांना पाणी!"

हिरॅम हसला. "माझी परीक्षा घेताय होय? मी नाही फसायचा." आणि त्यानं पाय आणखी रोवले.

"बसू द्या हो त्याला," सात नंबरचा नाईक तंबाखूचा पाइप पेटवत म्हणाला. "गुरूचा शब्द मोडला तर पाप लागेल पोराला."

फुलांचा बंब आला तेव्हा नुसतं धुराडं उभं होतं.

हिरॅमला हाकलावं तर सगळ्या टोळीची मतं जाणार. मग काय, रविवारी नगरभवनात साहेबांनी त्याला निष्ठेबद्दल चांदीचं पदक जाहीर केलं. आम्ही टाळ्या पिटल्या. तेवढ्यात त्यांची बायको लविनिया, शेजारणीचा झगा घालून आलेली, उठून उभी राहिली.

"द्या हो, त्यालाच द्या," ती म्हणाली. "त्याच्याकडे टांगायला भिंत तरी आहे."

साहेबांनी मान खाली घालून पदक दिलं. एप्रिलात आम्ही मूर्खांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिलं.