स्लॅबच्या वरचा दिवा

माझा हात पटकन उठतो. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लपवतही नाही. आमचे वडील शाळेत मास्तर होते आणि घरातही मास्तरच राहिले. छडी मोडली की आम्हा भावंडांनाच नवी आणायला पाठवायचे. पुढं मी सोलापुरात घरांच्या सजावटीचे थ्रीडी फोटो करायला लागलो, तरी तो हात काही गेला नाही. दोन माउस भिंतीवर फोडलेत, एक कीबोर्ड मुठीनं. माणसावर मात्र त्या एका घराच्या कामापर्यंत हात टाकला नव्हता.

ते घर एका भुसार व्यापाऱ्याचं. सगळे त्यांना मालक म्हणायचे, मीही. हॉलच्या भिंतीत कोनाडा, त्यात काळ्या दगडाची पिंड आणि पितळी नंदी. ‘देव उठून दिसला पाहिजे बघा,’ एवढीच त्यांची मागणी होती. मी कॉम्प्युटरमध्ये हॉल उभा केला, छताला दिवे लावले, आणि देव काही उठेना.

थ्रीडीतल्या स्पॉटलाइटला दोन कोन असतात. आतल्या कोनात पुरा उजेड, तिथून बाहेरच्या कोनापर्यंत तो विरत जातो. मी आतला कोन आवळला, बाहेरचा सैल केला, दिवा पुढं घेतला, मागं घेतला. हॉलमधून जाणारा आडवा बीम मध्ये यायचा आणि त्याची सावली सुरी फिरवल्यासारखी पिंडीवर पडायची. एकेक फोटो तयार व्हायला पाऊण तास. चौथ्या फोटोतही तीच सावली दिसली तेव्हा दुसरा माउस गेला.

मग आमच्या धंद्यात सगळेच करतात ते मी केलं. एक दिवा उचलून स्लॅबच्या वर, उघड्या हवेत टांगला, आणि स्लॅबची, बीमची सावली पडू नये अशी सोय करून टाकली. उजेड काँक्रीटमधून आरपार खाली उतरला. पिंड अशी उजळली, की मालकांनी फोटो बघून मोबाइललाच हात जोडले. आधी होकार घ्यायचा, जागेवरचं जागेवर बघू, ही आमची रीत. मी पुढच्या कामाला लागलो.

सहा-सात महिन्यांनी, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. “काय ओ, हे असं हाय होय? या, बघून जावा तुमचा दिवा!”

मी गेलो तेव्हा वायरमन घोड्यावर, म्हणजे त्याच्या दुपाई शिडीवर, दुसऱ्या पायरीला उभा होता. पन्नाशीचा माणूस, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. आधी मागावर होता, माग बंद पडल्यावर वायरिंग शिकला. छताला तीन भोकं पाडून त्यानं तीन ठिकाणी दिवा लावून बघितला होता. पिंडीवर तीच काळी पट्टी. मालकांनी मोबाइलवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. “ह्यात तर लई भारी दिसत हुतं की! तुमी चोर का ह्यो चोर?”

माझं डोकं सणकलं. मी वायरमनवर ओरडलो, की तू स्वस्तातला भलताच दिवा आणून बसवलास.

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, दिवा त्योच हाय. फोटूत उजेड कुटनं आलाय तेवढं दावा की. मी तितंच लावतो.”

यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण चारचौघांत त्यानं मला बरोबर प्रश्न विचारला होता. मी त्याच्या कानाखाली काडकन वाजवली. तो घोड्यासकट खाली आला, डोकं फरशीवर आपटलं. मी थांबलो, पण बाकीचे थांबले नाहीत. शिकल्या-सवरल्या माणसाचा हात आधी पडला की इतरांना परवानाच मिळतो. मालकांनी लाथ घातली. त्यांच्या धाकट्या भावानं तिथंच पडलेला पाइपचा तुकडा उचलला आणि पाठीवर, पोटऱ्यांवर हाणत सुटला. वायरमन डोकं दोन्ही हातांत धरून गोळा झाला. मग त्याची हत्यारांची पिशवी रस्त्यावर फेकली आणि मागोमाग त्याला. उद्या पूजा आहे म्हणून कुणीतरी लगेच फरशीवरचं रक्त पुसून घेतलं.

ऑफिसात येऊन मी फाइल उघडली. हॉल बाजूनं बघितला आणि तो दिवा दिसला, स्लॅबच्या वर, आभाळात लोंबकळणारा. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दुपारी दुसरा वायरमन नेऊन बीमच्या पलीकडं, कोनाड्याच्या अंगाला एक छोटा दिवा लावून घेतला. पंधरा मिनिटांचं काम. पट्टी गेली. मला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी मार खाल्लेल्या त्या माणसाच्या घरी गेलो. डाव्या कानात कापूस घालून तो खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोनं मला बस म्हटलं नाही. मी त्याला आभाळातला दिवा दाखवला, चूक माझी होती म्हणालो. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

“मला कशाला दावताय? मी चुकलो न्हाय ते मला म्हायती हाय. उद्या तितं समद्यांसमोर दावा.”

“दाखवतो,” मी म्हणालो.

आमच्याकडं वास्तुशांतीला घर बांधणाऱ्यांचा मान असतो. गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन, एकेकाला पुढं बोलावून टॉवेल-टोपी-नारळ देतात. लॅपटॉप माझ्या खांद्याला होता. वायरमन म्हणून कालचा पंधरा मिनिटांवाला उठला. मग मालकांनी मला हाताला धरून पुढं नेलं आणि “देव ह्यांनी उजळला!” असं पाहुण्यांना सांगितलं. तेव्हाच बोलायचं होतं. मालकांचा धाकटा भाऊ कोपऱ्यात उभा होता. मला त्याच्या हातातला पाइप आठवला. मी वाकून टोपी घालून घेतली, पंगतीत बसलो, गव्हाची गोड हुग्गी वाढली ती दोनदा घेतली.

नंतर तो मार खाल्लेला वायरमन चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. मागच्या महिन्यात तिथल्या चहाच्या टपरीवर भेटला. मी मागून हाक मारली, एकदा, दोनदा. शेवटी खांद्याला हात लावला तर दचकून त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले. मग मला ओळखलं, हात खाली घेतले आणि उजवा कान पुढं केला.

“हिकडनं बोला साहेब. त्या अंगानं ऐकू येत न्हाय.”