कट्यारीसाठी जमवलेलं लग्न

आमच्या ह्यांना लोखंडाचं वेड. तळेगावच्या शाळेत मास्तर, पण डोकं सदा जुन्या तलवारींत. चांगल्या पोलादात म्हणे पाण्यावर उठतात तशा रेघा असतात, त्याला जौहर म्हणायचं. इराणी पात्याचा जौहर निराळा, आपल्याकडचा निराळा. मी म्हणायची, घरातली विळी बोथट झालीय, तिचा जौहर आधी बघा. ऐकतंय कोण!

आंबीच्या कोंडाजींच्या देव्हाऱ्यात एक कट्यार होती. तिचं पातं इराणी असावं असा ह्यांचा संशय. किती खेटे घातले. "मास्तर, ती म्यानातनं फकस्त नवरदेवासाठी निघती," कोंडाजी म्हणाले. "आमच्या पोराचं, सोपानचं लगीन ठरू द्या, मग बगा."

झालं. ज्या माणसाला स्वतःच्या भाच्यांची नावं धड आठवत नाहीत, तो सोपानसाठी मुली शोधत मावळ पालथा घालू लागला. शेवटी सुदुंबऱ्याची मुलगी जमवलीच. मुलगी गुणी निघाली हे सोपानचं नशीब. ह्यांनी चौकशी फक्त मुहूर्ताची केली होती.

लग्नात सोपानच्या हाती कट्यार, टोकाला रीतीप्रमाणे लिंबू खोचलेलं. मंगलाष्टकं चालली होती आणि हे अक्षता मुठीत धरून नुसते टोकाकडे बघत उभे. लिंबाचा रस ओघळला होता, तेवढ्या बोटभर जागेत रेघा उमटल्या होत्या. आंबट लागलं की जौहर वर येतो म्हणे. ह्यांनी बायकांच्या घोळक्यात शिरून माझा हात धरला, भर मांडवात. मी लाजून मेले. "सगळं पातं बघायला हवं गं," कानाशी कुजबुजले. पण हळद उतरेपर्यंत नवरदेव कट्यार सोडत नाही. "मग घरी या, हातात देतो," कोंडाजींनी शब्द दिला.

हळद उतरल्यावर आम्ही दोघं आंबीला गेलो. कोंडाजींच्या बायको, रतनबाई, हसतच कट्यार घेऊन आल्या. आरशागत लख्ख. "मास्तर येणार म्हणून विटकरीनं घासघासून डाग काढलं बगा. लिंबानं लय खराब झालती." रेघ औषधालाही उरली नव्हती.

हे म्हणाले, "छान केलंत हो." इतकी वर्षं ह्यांची थट्टा केली, पण तेव्हा मला रडूच आलं.

"पुन्हा एकदा लिंबू लावलं तर?" ह्यांनी भीतभीत विचारलं.

"लिंबू लगनातच, मास्तर," कोंडाजी म्हणाले.

"सोपानला ल्योक व्हईल की," रतनबाईंनी समजूत घातली. "त्येच्या लगनात बगा."

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "वीसएक वर्षं धर. तोवर माझी नजर राहील ना गं?"

"राहील की," मी म्हटलं. "नाही राहिली तर मी बघेन आणि सांगेन तुम्हाला, रेघा कशा आहेत त्या."