‘पेशंट उशिरा आणला’

तीन फाइली संपवून चौथी उघडली, तरी कारण तेच होतं: ‘पेशंट उशिरा आणला.’ आमच्या मीटिंगमध्ये हे वाक्य इतक्या सफाईनं यायचं की फॉर्मवर ते छापूनच घ्यावं असं मला वाटायचं. लिहिण्याचे कष्ट तरी वाचले असते.

या मीटिंगला डेथ ऑडिट म्हणतात. नावाला घाबरू नका, आम्हीही घाबरत नव्हतो. हॉस्पिटलात जे पेशंट दगावतात त्यांच्या फाइली महिन्यातून एकदा पुन्हा वाचायच्या आणि काय वेगळं केलं असतं तर माणूस वाचला असता, ते शोधायचं. हेतू फार उदात्त. इन्स्पेक्शनची तारीख जवळ आली की आमच्याकडे तो आणखी उदात्त व्हायचा. मी मेडिसिनची डॉक्टर. सगळ्यांत जुनी, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी, म्हणून समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं.

चौथी फाइल गयाबाईंची होती. फुलंब्रीकडच्या, पन्नाशीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. याला आम्ही सेप्सिस म्हणतो. यात अँटिबायोटिकचा पहिला डोस लवकर गेला तर माणूस वाचायची आशा असते. एकेक तास महत्त्वाचा. फाइलप्रमाणे बाई दुपारी दोनला वॉर्डात आल्या, अडीचला इंजेक्शन मिळालं, संध्याकाळी आयसीयूत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी वारल्या. अर्ध्या तासात इंजेक्शन म्हणजे आमच्या मानानं विक्रमच. सगळ्यांनी सहीसाठी पेनं काढली.

मी उगाच मागची पानं चाळली. रक्ताच्या रिपोर्टवर वेळ होती पावणेबारा. म्हणजे दोनला आलेल्या बाईचं रक्त आमच्या लॅबनं सव्वादोन तास आधीच तपासलं होतं. लॅब चांगली आहे आमची, पण इतकी नाही.

मेडिकल डायरेक्टर म्हणाले की क्लेरिकल मिस्टेक असेल. हॉस्पिटलात जे कुणाच्याच हातून होत नाही, त्याला क्लेरिकल मिस्टेक म्हणतात. मी सही केली नाही. डायरेक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि फाइल पुढच्या आठवड्यावर ढकलली.

गयाबाईंचे यजमान काशिनाथ दोनच दिवसांनी मृत्यूचा दाखला घ्यायला आले. मी त्यांना माझ्या खोलीत बोलावून घेतलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी विचारलं की बाईंना किती वाजता आणलं होतं.

“दहालाच आलो व्हतो, मॅडम. वर बेड खाली नाय म्हणले. मंग लिफ्टपाशी स्ट्रेचरवरच ठिवलं तिला. लई थंडी वाजत व्हती. माझा पटका टाकला तिच्या अंगावर.”

त्यांनी खिशातून घडी घातलेला केसपेपर काढला. त्यावर कॅज्युअल्टीचा, म्हणजे खालच्या तातडीच्या विभागाचा शिक्का होता, दहा वाजून पाच मिनिटं. आमच्या फाइलीत हा कागद नव्हता, कारण आमची फाइल वॉर्डात सुरू होते. पेशंट वॉर्डात पोचेपर्यंत आमच्या लेखी तो आलेलाच नसतो. बेड का नव्हता, तेही वॉर्डात फोन केल्यावर कळलं. वॉर्डातल्या एका पेशंटला सकाळीच डिस्चार्ज मिळाला होता, पण त्याचा भाऊ पडेगावहून गाडी घेऊन यायचा होता. तो आला दीड वाजता.

काशिनाथांना चहा सांगून मी खाली कॅज्युअल्टीत गेले. खरं सांगायचं तर बऱ्यापैकी उत्साहात गेले. दुसऱ्याची चूक सापडायला आली की माझ्या वयाच्या माणसालाही जिने चढण्या-उतरण्याचं बळ येतं. तिथल्या इनचार्ज शेख सिस्टर. मी जरा आवाज चढवूनच विचारलं की चार तास इंजेक्शन का दिलं नाही. त्यांनी कॉल रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. कोणत्या डॉक्टरला कधी फोन केला आणि काय उत्तर आलं, हे त्यात लिहितात.

अकरा वाजून दहा मिनिटं. गयाबाईंचं नाव. पुढे माझं नाव. उत्तर: ‘वॉर्डात गेल्यावर सुरू करा.’

“मैं दो बार पूछी थी, मॅडम,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “आप ओपीडी में थीं.”

त्या दिवशी ऑन-कॉल मीच होते. संध्याकाळी केस आयसीयूकडे गेली, म्हणून फाइलवर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव आलं. तो फोन मला आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. आठवला असता तर मी निदान एखादी सबब तरी शोधली असती.

मी जिने चढून वर आले. काशिनाथांना सांगितलं की इंजेक्शन खालीच द्यायला हवं होतं, आणि नंतर द्या असं सांगणारी मीच होते. दिलं असतं तर त्या नक्की वाचल्या असत्या असं नाही, पण आशा जास्त होती. त्यांनी केसपेपरची पुन्हा घडी घातली.

“मंग आता खालीच देतेत का?” त्यांनी विचारलं.

मला नाही म्हणावं लागलं. ते उठले, नमस्कार केला आणि गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. डायरेक्टर एकदम माझ्या काळजीत पडले. एवढ्या वर्षांची सर्व्हिस, कशाला नाव लिहिता, ‘उशिरा आणला’ काही अगदीच खोटं नाही, असं समजावू लागले. मी म्हटलं, “सर, उशीर त्यांनी केला नाही. मी केला. तसंच लिहू या.”

मी नावासकट लिहिलं. सेप्सिसची शंका आली की पहिला डोस कॅज्युअल्टीतच, तासाभरात, मोठ्या डॉक्टरच्या फोनची वाट न बघता, हा नियम त्याखाली मांडला. एरवी अशा नियमावर आमच्याकडे तीन मीटिंगा होतात. हा दहा मिनिटांत मंजूर झाला. आपल्याऐवजी दुसऱ्याचं नाव लिहिलं गेलं की समिती फार समजूतदार होते.

आता शेख सिस्टर डोस देऊन मगच मला कळवतात. काशिनाथांनाही फोन करून नियमाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

फाइल तपासायला बसणाऱ्यानं आधी स्वतःचे फोन तपासावेत. बाकीच्यांच्या चुका काही पळून जात नाहीत.