मंदाताईंचं भिणं

मंदाताई जस्ताच्या लादीला गाल लावायच्या. हो, गाल. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. एकेक लादी टनभराची, बसलेल्या म्हशीएवढी, आणि ह्या बाई तिच्यावर वाकून डोळे मिटून उभ्या. ओल हाताला कळत नाही, गालाला कळते, असं त्यांचं म्हणणं. "हाताचं काय सांगतो, तो दिवसभर धुण्याभांड्यात. त्याला कोरडं म्हंजी काय ठावं?"

आमचा कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. पोलादाचा पत्रा लाटून पातळ करायचा, भट्टीतून तापवत आणायचा आणि वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवून वर काढायचा, म्हणजे तो गंजत नाही. त्या हौदाला आम्ही पॉट म्हणतो. पॉटमधलं जस्त इतकं शांत आणि चकचकीत दिसतं की कुणालाही वाटावं, वाकून जरा भांग पाडून घ्यावा. वरून थेंब पडला तर ते नुसतं चुरचुरतं. पण जस्त कमी पडलं म्हणून सोडलेली लादी ओली असली आणि आत बुडाली की त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, वाफेवर जस्ताचं ओझं, बाहेर पडायला वाट नाही. मग अख्खा पॉट छताला भेटायला जातो.

लाद्या कोरड्या ठेवणं हे मंदाताईंचं काम, आणि त्यांच्याइतकं भित्रं माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरं जन्मलेलं नाही. पॉटच्या आसपास पाण्याची बाटली दिसली की त्या अशा किंचाळायच्या की त्र्यंबकच्या डोंगरावरची माकडं खाली उतरायची. एकदा एका पाहुण्या साहेबांना शिंक आली, तर दंडाला धरून दाराबाहेर नेलं त्यांना. "हितं शिंका साहेब, पोटभर. घरी बायको वाट बघती तुमची, अन् माझा नवरा माझी."

जरा कुठे फुस्स झालं की मंदाताई गेटबाहेर. सुरुवातीला आम्ही चिडवायचो, "ताई, ऑलिंपिकला जा!"

"जाईन की. पण तू माझ्या मागं पळत ये बाबा, म्हंजी टाळ्या वाजवायला कुणीतरी जित्तं राहील."

हळूहळू तशी पद्धतच पडली. मंदाताई पळाल्या की सगळं खातं पळायचं. का, ते बाहेर गेल्यावर विचारायचं.

मग लाइन पार बदलली. पूर्वी पत्रा बैलगाडीच्या चालीने यायचा, तो आता एसटी चुकलेल्या माणसासारखा धावतो. पॉटमधून वर आला की दोन्ही बाजूंनी हवेच्या सुऱ्या, म्हणजे हवेचे पातळ जोरदार झोत, जादा जस्त निपटून काढतात आणि थर किती बसला ते पडद्यावर दिसतं. लादीसुद्धा यंत्रच लोटतं. पॉटमधली पातळी उतरली की एक लादी उतरणीवरून आपोआप आत सरकते. मी त्या पडद्यासमोर, काचेच्या केबिनमध्ये. बाहेर बँडबाजासकट वरात नाचली तरी आत मुंगीची शिंक ऐकू यावी, अशी बंद केबिन.

मंदाताई यंत्राला नमस्कार करायच्या, पण लांबून. "यंत्र लय गुणाचं हाय. चुकत नाय. पण ते भेत नाय ना रे! त्याच्या वाटचं भ्यायचंही मलाच पडतं."

त्या मार्चमध्ये गारपीट झाली. गारा पेरूएवढ्या. (बाकीचे लिंबाएवढ्या म्हणतात, पण ते बाहेर पळत होते, त्यांनी नीट पाहिलेलं नाही.) उजेडासाठी छतात बसवलेलं प्लास्टिक फुटलं आणि खाली उतरणीवर ठेवलेल्या लादीला उचलायचा आकडा जिथे अडकवतात, त्या खाचेत गारा गच्च भरल्या. नेमकी तेव्हाच पॉटमधली पातळी उतरली आणि यंत्र आपल्या शहाणपणाने लादी लोटू लागलं.

मंदाताईंनी ते पाहिलं, "पळा" म्हणून ओरडल्या आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे बाहेर पोचल्या. तिथे डोकी मोजली, तर मी नाही. मी केबिनमध्ये, पाठमोरा, थराचे आकडे बघत बसलेलो.

दार उघडलं. दारात मंदाताई. त्यांच्या खांद्यावरून मला लादी दिसली, तिच्या खाचेतलं पांढरंही दिसलं. माझा हात यंत्र थांबवायच्या लाल बटणाकडे गेला, तो त्यांनी फटकन खाली मारला.

"राहू दे ते! अर्धी बुडाली ती. चल!"

मी चांगला दोन पोती कांद्याच्या वजनाचा माणूस. त्यांनी मला कॉलरला धरून पॉटच्या कडेने ओढत नेलं. भिंतीआड गेलो आणि मागे ते झालं. ह्यापुढे मी काही वाढवून सांगत नाही. आवाज कानांना आलाच नाही, छातीत आला. नंतर केबिनला काच नव्हती. माझी खुर्ची होती, आणि तिच्या बैठकीवर जस्त थिजलेलं होतं.

बाहेर सगळे त्यांच्या पाया पडत होते. मंदाताई मातीत बसून आपल्या हातांकडे बघत होत्या.

"ताई, लागलं का?"

"थरथरत नायत."

"काय?"

"हात. तुला आणायला आले तवा भ्यावंसं वाटलंच नाय मला. पॉटच्या कडंनं आले रे मी, शेतात चालल्यावानी."

"अहो, म्हणून तर मी वाचलो."

"तू वाचला. पण ही सगळी माझ्याकडं बघून पळत्यात. उद्या मी अशीच निवांत हुभी राह्यले तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. साहेबांनी समजावलं, आम्ही हात जोडले. बाई हलली नाही. गेटवर मी म्हणालो, "ताई, आता आम्ही बघायचं कुणाकडे?"

"एकमेकांच्या तोंडाकडं बघा. जो निवांत दिसंल, त्याला आधी भायेर काढा."

लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हापासून आम्ही तेच करतो. पाळी सुरू होताना आधी एकमेकांची तोंडं निरखतो. परवा सगळे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी हातमोजे काढले आणि बाहेर आलो.