सवाष्णींचा फोटो

कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथं लग्न ठरलं की मला बोलावणं यायचं. हळदीच्या आदल्या दिवशी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, आणि तो सवाष्णीनंच काढायचा. माझा हात चांगला होता, त्यामुळे मी जरा मिरवूनही घ्यायचे.

नवरा खालापूरच्या कारखान्यातून मोटरसायकलवर परतताना अपघातात गेला. त्यानंतर बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, नुसतं कुणी आलं नाही. हात तोच, पीठ तेच, पण कुंकवाबरोबर माझी कलाही पुसली गेली म्हणायची.

मग मी घरातच काढायला लागले. प्लायवूडवर गेरू फासला, मधोमध नवऱ्याचा कारखान्यातला निळा शर्ट चिकटवला आणि भोवती लग्नाचा चौक काढला. शर्टाला डोकं दिलं नाही. गळ्यातून भाताच्या लोंब्या वर आल्या, बाह्यांतून मासे बाहेर पडले, आणि नवरदेव घोड्याऐवजी दोन चाकांवर बसला. रडून झालं होतं, राग तेवढा उरला होता. नेरळच्या एका बाईंनी ते चित्र प्रदर्शनात मांडलं. लोक म्हणाले, काय कल्पनाशक्ती आहे! डोंबलाची कल्पनाशक्ती.

मुलीचं लग्न आलं तेव्हा मी न विचारताच गेरू भिजवायला घेतला. थोरली जाऊ म्हणाली, “तू नको गं हात लावू. पोरीच्या संसाराला नाट लागंल.”

मी मुलीकडं पाहिलं. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “राहू दे ना आई. उगाच कटकट नको.”

चौक जावेनं काढला. रेघा वाकड्या, कोपऱ्याला कोपरा जुळेना. पण मला त्या रेघांपेक्षा मुलीची ती खाली घातलेली मान लागली. अजून लागते.

त्याच संध्याकाळी लेक लाडात आली. “आई, तुझं ते प्रदर्शनातलं चित्र फ्लेक्सवर छापूया? फोटोला मागं भारी दिसेल.” जावेलाही ते चाललं. विटाळ माझ्या हाताचा, छापलेल्या चित्राला तो लागत नाही. मी हो म्हटलं, कारण त्या निमित्तानं बाप लेकीच्या मांडवात येणार होता.

लग्नात सगळे त्या फ्लेक्सपुढं उभे राहून फोटो काढत होते. मीही गेले आणि मुलीशेजारी उभी राहिले, नेमकी शर्टाखाली.

जाऊ कानाशी येऊन म्हणाली, “जरा बाजूला हो गं. सवाष्णींचा फोटो हाय.”

फोटोवाला कॅमेरा खाली करून थांबला. मुलगी शालूच्या निऱ्या सारख्या करायला लागली.

“मी हिच्या बापापाशी उभी हाय,” मी म्हटलं. “काढ रं तू फोटो.”

त्यानं काढला. मी स्वतः पाहिलं, दिवा चमकला होता.

महिन्याभरानं अल्बम आला. मी सगळी पानं दोनदा उलटून पाहिली. तो फोटो त्यात नव्हता. फोटो मुलीनं निवडले होते.