गाभण जर्सी आणि माझे उंदीर

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी उंदरांना देवीच्या जातीचा रोग लावते आणि त्यांचं शरीर त्याच्याशी कसं झुंजतं ते बघते. सिन्नरकडच्या आमच्या गावात याचा अर्थ एवढाच लावतात, की पोरीला देवीवरचं औषध ठाऊक आहे. कप्पाळ ठाऊक आहे.

लंपीच्या साथीत आईचा फोन आला. आमच्या गाभण जर्सीच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. लंपी देवीच्याच कुळातला, म्हणून मी तडक निघाले. लस टोचली होती ना, असं फोनवर विचारलं तर आई हो-हो करत राहिली. खरं काय ते घरी गेल्यावर चुलतीने सांगितलं. लस टोचणारे गावात आले त्या दिवशी दोघींनी आपापल्या गाभण गाई लांबच्या मळ्यात नेऊन बांधल्या होत्या. सुई टोचली की गाय गाभडते, पोटातलं वासरू पडतं, असं बायकांत चाललं होतं. माझं डोकंच फिरलं. पण आई गाईचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती, तिला काय बोलणार?

"आता टोच," ती म्हणाली. "तुझ्याकडं असंल ना."

आता टोचून काय उपयोग? लस म्हणजे आधी दिलेली तालीम, ती अंगी मुरायला वेळ लागतो. इथं तर लढाई सुरू झाली होती. गुरांचे डॉक्टर तापाचं इंजेक्शन देऊन गेले होते. एवढी शिकलेली मी, ओढणीने माश्या हाकत बसले. नुसती चीड येत होती.

वस्तीवरच्या एका गावठी, डांगी जातीच्या गाईलाही गाठी आल्या होत्या, पण ती चारा खात होती. ती कशी तगली, आईने विचारलं. गाईंचं मला माहीत नव्हतं, म्हणून उंदरांचं सांगितलं. रोग तोच, तरी आमचे काळे उंदीर जगतात आणि पांढऱ्यांतले कितीतरी मरतात. काळ्यांच्या लढाऊ पेशी वेळेत पोचतात. पांढऱ्यांच्याही निघतात, पण उशिरा.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "निघा रं बाबांनो. लवकर निघा."

नाही पोचल्या. गाय गेली, पोटातलं वासरूही गेलं. जेसीबीने खड्डा खणून पुरली.

संध्याकाळी आईने विचारलं, टोचली असती तर वाचली असती का. मी म्हटलं, काही सांगता येत नाही. साफ खोटं बोलले. तिने मान हलवली, तिला जरा बरं वाटलं असावं.

तेवढ्यात चुलती आली. तिची गाय अजून धडधाकट होती.

"उद्या परत येणार हायेत टोचायला," ती म्हणाली. "आमचीबी गाभण हाय. काय करू, टोचू का?"

आई माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "टोचा काकू. उद्याच टोचा."

आई उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.